काट्यांचे प्राणी आणि भिंतीवरचं नाव : शिगा ते युरोप, एका कलाविनिमयाचं प्रकरण

शिनिची सावादा मातीची बारीक वळी करतात, तिला टोक काढतात आणि समोरच्या आकृतीच्या अंगावर दाबून बसवतात. मग दुसरी. मग तिसरी. बघता बघता सगळं अंग काट्यांनी भरलेला एक प्राणी उभा राहतो. तो कधी घुबडासारखा दिसतो, कधी राक्षसाच्या मुखवट्यासारखा, कधी त्याला पुढेही चेहरा असतो आणि मागेही. त्यावर चकाकी आणणारा लेप देत नाहीत. लाकडाच्या भट्टीत आच आणि राख जशी लागेल तसा रंग येतो, तांबूस तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत.

सावादांचा जन्म १९८२चा, जपानच्या शिगा प्रांतातला. ते स्वमग्न आहेत आणि अगदी थोडं बोलतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी चालणाऱ्या एका कल्याण संस्थेत ते जात. तिथे बेकरीत पाव करायचं काम आणि आठवड्यातले काही दिवस मातीकाम, असा त्यांचा क्रम होता. २०१३ साली त्यांची शिल्पं व्हेनिस द्वैवार्षिकीच्या, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलामेळ्याच्या, मुख्य प्रदर्शनात मांडली गेली. त्याच वर्षी ती लंडनमध्येही होती.

कल्याण संस्था आणि परदेशी कलासंस्था यांच्यातल्या देवाणघेवाणीची उदाहरणं जगभर आहेत. शिगाचं निवडलं ते अशासाठी, की या क्षेत्रातले जवळजवळ सगळे अवघड प्रश्न तिथे एकत्र भेटतात. त्यातला मला सर्वांत कळीचा वाटणारा प्रश्न असा : ज्याने काम केलं त्याचं नाव शेवटी कोणाला दिसतं?

माती आधीपासून होती

शिगा प्रांतात शिगाराकी आहे, जपानमधल्या कुंभारकामाच्या सहा प्राचीन केंद्रांपैकी एक. त्यामुळे तिथल्या संस्थांमध्ये मातीकाम आलं त्यात नवल नाही. पण ते कशासाठी आलं, हे समजून घ्यायला १९४६ सालापर्यंत मागे जावं लागतं. युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं. काझुओ इतोगा, इचिजी तामुरा आणि तारो इकेदा या तिघांनी शिगातल्या ओत्सु इथे ओमी गाकुएन ही संस्था सुरू केली. युद्धात अनाथ झालेली मुलं आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं एकाच छपराखाली राहू लागली. समाजाने या मुलांवर उजेड टाकायचा नसून ही मुलंच समाजाचा उजेड आहेत, असं इतोगा मांडत. त्या काळात, खायची भ्रांत असताना, हे म्हणणं केवढं धाडसाचं होतं!

मातीकामामागे हेतू दोन होते. एक सरळ पोटापाण्याचा : मुलांच्या हाती कसब यावं, भांडी विकून चार पैसे यावेत. दुसरा हळूहळू पुढे आला. मातीला सांगितलेलाच आकार द्यायला हवा असं नाही. दाबलं की ती दबते, ओढलं की लांबते, आणि हाताने जे केलं त्याचा ठसा लगेच दिसतो. ज्याला बोलता येत नाही, अक्षर गिरवता येत नाही, त्यालाही ती उत्तर देते. म्हणून भांड्यांच्या शेजारी कोणी न सांगितलेले आकारही तयार होऊ लागले, आणि काही कर्मचाऱ्यांनी ते मोडून पुन्हा गोळा न करता फळीवर ठेवून दिले. पुढे जे काही घडलं त्याचं श्रेय मी आधी या ठेवून देण्याला देईन. अर्थात, त्या फळीवर सहसा नाव नसे. संस्थेतून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर संस्थेचं नाव असतं, करणाऱ्याचं नाही. जगभर हीच रीत होती आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे.

लोझानचं दार

इकडे युरोपात वेगळा प्रवाह चालू होता. हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयात हान्स प्रिन्झहॉर्न या डॉक्टरांनी रुग्णांची चित्रं जमवली आणि १९२२ साली त्यांच्यावर पुस्तक काढलं. फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफे यांनी १९४५ पासून स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये फिरून अशी कामं गोळा केली आणि त्यांना 'आर्ट ब्रूट' म्हटलं. कलाशिक्षण आणि कलाबाजार यांच्याबाहेर, स्वतःच्या गरजेपोटी केलेली कच्ची, अस्सल कला असा त्यांचा रोख होता. त्यांनी आपला संग्रह १९७१ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहराला दिला आणि १९७६ साली तिथे संग्रहालय उघडलं.

शिगात २००४ साली ओमिहाचिमान या जुन्या व्यापारी गावातलं एक पारंपरिक लाकडी घर दुरुस्त करून 'नो-मा' हे छोटं कलादालन सुरू झालं. ते चालवणारी संस्था कलाक्षेत्रातली नव्हती, समाजकल्याणातली होती. दालनाचा मुख्य विचार साधा होता : अपंग व्यक्तींची कामं वेगळ्या खोलीत दयेने न मांडता व्यावसायिक समकालीन कलाकारांच्या कामांशेजारी मांडायची. पाहणाऱ्याने आधी काम बघावं आणि मग ते कोणाचं हे शोधावं.

'नो-मा' आणि लोझानचं संग्रहालय यांच्यात संपर्क झाला. २००८ साली जपानमधल्या कलाकारांची कामं लोझानला दाखवली गेली आणि लोझानच्या संग्रहातली कामं जपानमध्ये आली. ही दुतर्फी वाहतूक मला पुढच्या सगळ्या भव्य प्रदर्शनांपेक्षा मोलाची वाटते. शिगातल्या लोकांना पहिल्यांदाच आपल्या फळीवरच्या कामांशेजारी शंभर वर्षांपूर्वीच्या युरोपीय रुग्णांची कामं ठेवून बघता आली. ओळख दोन्हीकडून झाली.

त्यानंतर वेग वाढला. २०१० साली पॅरिसमध्ये मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या 'हाल सँ-पिएर' या कलाकेंद्रात ६३ जपानी कलाकारांचं मोठं प्रदर्शन लागलं. लाखाहून अधिक लोकांनी ते पाहिलं आणि त्याची मुदत वाढवावी लागली. मग तेच प्रदर्शन जपानला परतलं आणि २०११ पासून तिथल्या संग्रहालयांतून फिरलं. पॅरिसचा शिक्का बसल्यावर घरच्या मोठ्या संग्रहालयांची दारं उघडली, हे जपानमधल्या अनेकांना टोचलं आणि ते टोचणं रास्तच होतं.

२०१२ साली नेदरलँड्समधल्या हारलेमला आणि २०१३ च्या मार्च ते जूनमध्ये लंडनच्या वेलकम कलेक्शन या संग्रहालयात आणखी एक प्रदर्शन झालं. लंडनला ४६ कलाकारांची ३०० हून जास्त कामं होती. सगळे कलाकार जपानच्या होन्शू बेटावरच्या कल्याण संस्थांमध्ये राहणारे किंवा दिवसा येणारे.

बाहुल्या

त्या प्रदर्शनातल्या दोन कामांपाशी जरा थांबू.

शोता कात्सुबे यांनी पिशव्यांची तोंडं बांधायला वापरतात त्या चमकदार तारेच्या पट्ट्या पिळून लढवय्यांची फौज केली होती. एकेक योद्धा बोटाच्या पेराएवढा, तरी प्रत्येकाचा पवित्रा वेगळा. महागडं साहित्य नाही, सोयीचा स्टुडिओ नाही. हाताशी आलेली वस्तू आणि अफाट लक्ष, एवढंच.

दुसरं काम साकिको कोनो यांचं. या बाई ५५ हून अधिक वर्षं संस्थेत राहत होत्या. त्या कापडाच्या बाहुल्या करत, आणि त्या बाहुल्या म्हणजे त्यांची देखभाल करणारे कर्मचारी. जो कर्मचारी जास्त आवडे त्याची बाहुली मोठी. एरवी संस्थेत कर्मचारी रहिवाशांबद्दल लिहितात : वागणूक, औषध, झोप, वजन, सगळं नोंदवहीत जातं. इथे उलट झालं. रहिवासी बाईंनी कर्मचाऱ्यांची नोंद ठेवली, आणि मोजमापही स्वतःचं वापरलं. कोणाचं किती प्रेम वाटलं, हे बाहुलीच्या उंचीवरून दिसत होतं. संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकाने या बाहुल्यांचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

पण याच कामात एक दुखरी गोष्टही आहे. ५५ वर्षं. इतक्या वर्षांत या बाईंच्या आयुष्यात आलेली माणसं बहुतेक कर्मचारीच होती. माया करावी, आठवण ठेवावी, बाहुली करावी अशी जी माणसं, ती पगारावर येणारी आणि कधीतरी बदलून जाणारी. लंडनमध्ये या बाहुल्यांचं कौतुक झालं. त्या कौतुकात हा प्रश्न किती जणांना दिसला असेल?

होकार कोणाचा

परदेशी संग्रहालयाला काम उसनं द्यायचं म्हटलं की कागदपत्रं येतात. करार, कामाच्या स्थितीचा अहवाल, विम्यासाठी किंमत. सावादांच्या शिल्पासारख्या वस्तूचा एक काटा निखळला तरी नुकसान, त्यामुळे पॅकिंग हेच मोठं काम. कालपर्यंत फळीवर धूळ खात असलेल्या वस्तूची आज रकमेत किंमत लिहावी लागते आणि तिथून तिचा दर्जा बदलतो. संस्थेतल्या लेखनिकाला, स्वयंपाक्याला, पालकांनाही ती वस्तू वेगळी दिसू लागते. हा बदल मला चांगलाच वाटतो. फक्त त्याच क्षणी दुसरा प्रश्नही उभा राहतो : सही कोणाची?

जपानच्या कायद्यात स्वामित्वहक्क काम तयार होताच निर्मात्याचा होतो. नोंदणी लागत नाही. माती संस्थेची, भट्टी संस्थेची, रंग संस्थेचे, म्हणून हक्क संस्थेचा होत नाही. निर्माता बोलतो की नाही, वाचतो की नाही, याने फरक पडत नाही. कायदा इथपर्यंत स्वच्छ आहे. अडचण पुढे आहे. ज्या व्यक्तीला करार वाचून समजणार नाही, तिच्या वतीने पालक, नातेवाईक किंवा नेमलेला पालकत्वधारक सही करतो. प्रौढांसाठी अशा पालकत्वाची व्यवस्था जपानमध्ये २००० साली आली. पण सही मिळाली म्हणजे होकार मिळाला, असं नाही.

होकार ओळखायचा तर रोज शेजारी बसणारं माणूस लागतं. काहींना केवळ करण्यात रस असतो. काम हातावेगळं झालं की ते त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते जगात कुठेही गेलं तरी त्यांची हरकत नसते. काहींना मात्र आपलं काम नजरेआड झालेलं सोसत नाही. ते जागेवर नाही असं दिसलं की दिवस बिघडतो, जेवण सुटतं. कोणी छायाचित्र काढू देतं, पण हात लावू देत नाही. हे सगळं कराराच्या कागदात मावत नाही. म्हणून विनिमयाची बोलणी जेव्हा फक्त संस्थेचे संचालक आणि प्रदर्शनाची निवड-मांडणी करणारे क्युरेटर यांच्यात होतात तेव्हा मला काळजी वाटते. ज्या कर्मचाऱ्याला हे बारकावे ठाऊक आहेत, तो किंवा ती त्या बैठकीत बसलेली हवी, आणि तिच्या 'नको'ला वजन हवं.

पैशाचंही तसंच. काम विकलं गेलं तर रक्कम कोणाच्या खात्यात जाते, साहित्याचा खर्च किती कापला जातो, उरलेल्या पैशाचं काय करायचं हे त्या व्यक्तीला कोणी आणि कसं विचारतं, यांची उत्तरं प्रत्येक संस्थेने विक्रीच्या आधी लेखी ठरवायची असतात.

कोणत्या दाराने

या प्रवासातली ठिकाणं बघा. हारलेमचं संग्रहालय मनोविकारांच्या इतिहासाचं. वेलकम कलेक्शन वैद्यकाच्या इतिहासाशी बांधलेलं. दोन्ही संग्रहालयांनी काम आस्थेने केलं, पण प्रेक्षक अशा दारातून आत येतो तेव्हा त्याच्या मनात आजार आधी येतो. व्हेनिसचं दार वेगळं होतं. तिथले क्युरेटर मासिमिलियानो जोनी यांनी शिकलेले आणि न शिकलेले कलाकार सरमिसळ मांडले होते. सावादांचे काटेरी प्राणी तिथे इतर शिल्पांमध्ये शिल्प म्हणून उभे होते.

'आर्ट ब्रूट' या शिक्क्याचीही अशीच गोची आहे. द्युब्युफे स्वतः म्हणत की वेड्यांची कला अशी काही वेगळी चीज नसते. जपानमध्ये मात्र हा शब्द हळूहळू 'अपंग व्यक्तींनी केलेली कला' याच अर्थाने रुळला. त्यामुळे काही लोक कामाआधी निदानाने ओळखले जाऊ लागले, आणि संस्थेबाहेर एकट्याने झपाटल्यासारखं काम करणारे लोक यादीतून सुटू लागले. दुसरीकडे द्युब्युफेंना अभिप्रेत असलेलं 'बाहेरचेपण' या संस्थांमध्ये नव्हतंच. तिथे कार्यशाळा होती, वेळापत्रक होतं, माती आणून देणारा आणि भट्टी लावणारा माणूस होता. माझ्या मते हे कमीपणाचं नाही. सावादांच्या शिल्पांमागे त्यांचे हात आहेत आणि ती भट्टी पेटवणाऱ्यांचे कष्टही आहेत. कुठल्याही शिल्पकाराच्या ओतशाळेत हेच चालतं. तिथे कोणी शिल्पकाराच्या अस्सलपणाबद्दल शंका घेत नाही.

२०१६

२६ जुलै २०१६ च्या पहाटे सागामिहारा शहरातल्या अपंगांच्या एका निवासी संस्थेत तिथल्याच एका माजी कर्मचाऱ्याने १९ रहिवाशांचा खून केला. अशी माणसं जगायला नकोत, असं त्याचं उघड म्हणणं होतं. पोलिसांनी मृतांची नावं जाहीर केली नाहीत. कुटुंबांची तशी इच्छा होती, कारण घरात अपंग व्यक्ती आहे हे कळलं तर भोगावा लागणारा कलंक त्यांना माहीत होता. २०२० साली योकोहामाच्या न्यायालयात खटला चालला, तेव्हाही जवळजवळ सगळ्या मृतांचा उल्लेख नावाऐवजी नुसत्या अक्षरांनी झाला. एका आईने आपल्या मुलीचं पहिलं नाव जाहीर केलं. मुलगी इथे जगली होती, हे लोकांना कळावं म्हणून.

हे या प्रकरणात का आणलं? कारण एकाच देशात, त्याच दशकात, एकीकडे संस्थेत दिवस काढणाऱ्या माणसांची नावं लंडन आणि व्हेनिसच्या भिंतींवर ठळक छापली जात होती आणि दुसरीकडे तशाच संस्थेत मारल्या गेलेल्या माणसांची नावं उच्चारणं त्यांच्या घरच्यांनाही अवघड जात होतं. कुटुंबांना मी दोष देत नाही. त्यांच्यावर ती वेळ आणणाऱ्या समाजाबद्दल मात्र बोलायला हवं. प्रदर्शनांनी कलंक पुसला गेला, असा दावा करणाऱ्यांनी त्या खटल्यातली अक्षरं आठवावीत. आणि प्रदर्शनांनी काहीच साधलं नाही म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं, की भिंतीवरचं एक नाव जाहीर करताना कुटुंबाला 'हो' म्हणावं लागतं. शिगाच्या प्रवासात अनेक कुटुंबांनी ते म्हटलं. माझ्या लेखी या विनिमयाची सर्वांत खरी कमाई तीच.

२०२२ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जपानला निवासी संस्थांमध्ये माणसं ठेवण्याची पद्धत संपवायला सांगितलं. म्हणजे ज्या ठिकाणी ही कामं झाली त्या ठिकाणांचंच भवितव्य वादात आहे. यावर माझं मत स्पष्ट आहे. कार्यशाळा टिकायला हवी, सक्तीचा मुक्काम नको. कोनो बाईंना बाहुल्या करायला कापड आणि वेळ मिळाला तो संस्थेमुळे, पण त्यासाठी ५५ वर्षं तिथेच राहायची गरज नव्हती.

परत काय आलं

२०१७ च्या ऑक्टोबरात फ्रान्समधल्या नाँत शहरात, जुन्या बिस्किट कारखान्यात थाटलेल्या 'ल लियो युनिक' या केंद्रात जपानी कामांचं प्रदर्शन भरलं. तोवरच्या प्रवासात बहुतेक वेळा वस्तूच विमानात बसल्या होत्या. या वेळी बौद्धिक अपंगत्व असलेले ढोलवादक आणि नर्तक स्वतः गेले आणि रंगमंचावर उभे राहिले. टाळ्या ज्यांच्यासाठी होत्या त्यांना त्या ऐकू आल्या.

जून २०१८ मध्ये जपानच्या संसदेने अपंग व्यक्तींच्या सांस्कृतिक आणि कलाविषयक कार्याला चालना देणारा कायदा केला. त्यात निर्मितीची संधी, प्रदर्शनाची संधी, निर्मात्यांच्या हक्कांचं संरक्षण, विक्रीसाठी मदत आणि कलेतून देवाणघेवाण हे सगळं नावानिशी आलं आहे. एखाद्या परदेशी प्रदर्शनाने कायदा घडवला असं म्हणणं चुकीचं ठरेल. जपानमधल्या संघटना अनेक वर्षं यासाठी झगडत होत्या. पण पॅरिसनंतर मंत्रालयांचं लक्ष या विषयाकडे वळवणं सोपं झालं, हे नाकारता येणार नाही. हक्कसंरक्षण आणि विक्री यांना कायद्यात वेगवेगळी जागा मिळाली, यातून आधीच्या दहा वर्षांत संस्था कुठे अडखळल्या तेही कळतं.

आणि सावादा? २०२० साली बर्लिनच्या गेओर्ग कोल्बे संग्रहालयात त्यांची शिल्पं मांडली गेली. हे संग्रहालय आहे शिल्पकलेचं. गेओर्ग कोल्बे या शिल्पकाराच्या जुन्या घरात आणि स्टुडिओत ते चालतं. त्याच्या बारा वर्षं आधी लोझानला जपानी कलाकारांचा एक गट म्हणून जो प्रवास सुरू झाला होता, तो इथे एका शिल्पकाराच्या स्वतंत्र प्रदर्शनापर्यंत आला. लंडनच्या त्या ४६ जणांपैकी आणि पॅरिसच्या ६३ जणांपैकी इतरांना असं दार अजून उघडायचं आहे. त्यातले काही आता वयस्कर आहेत, आणि त्यांचं काम जपून ठेवणारे कर्मचारीही निवृत्त होत आहेत. कोणतं काम कोणाचं, कधी केलेलं, त्याबद्दल ती व्यक्ती काय म्हणाली किंवा तिने हाताने काय दाखवलं, हे सगळं आत्ता लिहून ठेवायला हवं.